चाळीस आकड्यांची शांतता

बँडवाल्यानं चूप बसायचं नसते. हे कोणी शिकवत नाही, शिव्या खाऊनच समजते. वरात चालू आहे अन् बँड थांबला, तं पहिले नवरदेवाचा मामा येते, मंग काका, मंग पिऊन आलेला एखादा मित्र, अन् तिघंही एकच विचारतात, काहून थांबले बे? म्हणून वरात मांडवाच्या दारी लागेपर्यंत सूर तुटू द्यायचा नाही. पण माणसाले श्वास तं घ्याच लागते. त्याच्यासाठी जोडी असते.

माझी जोडी कुंदनची. अकोल्याच्या बँडमध्ये आमी दोघं क्लॅरोनेटवर होतो, एकोणतीस वर्षं. मी शालिकराम अन् तो कुंदन, पण लोक निमंत्रण द्यायचे तं दोघाइले मिळून एकच पत्रिका द्यायचे. वाजवायची पद्धत अशी का, मी ओळ वाजवायची अन् दम संपत आला का ती ओळ घरी न्यायची नाही. म्हणजे सा वर उतरायचं नाही, नी वर उघडी सोडून द्यायची. उघडी सोडली का कुंदनले समजायचं का आता आपलं. तो तिथूनच उचलायचा. तेवढ्यात मी श्वास घ्यायचा, घाम पुसायचा, पोट्टे कसे नाचून राहिले ते पाहायचं. मंग तो सोडायचा, मी उचलायचो. ऐकणाऱ्याले वाटे एकच माणूस वाजवून राहिला. मले उचलायले जराक उशीर झाला का दुसऱ्या दिवशी कुंदन चहाच्या टपरीवर सगळ्याइसमोर म्हणे, "काहून बे शालिक, झोप लागली होती का काल?"

कुंदन गेला त्याले दोन वर्षं झाले. कावीळ झाली, परतवाड्याच्या कोण्या वैदूच्या पुड्या खात बसला, अन् दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरनं नुसती मान हलवली. मले त्याचा अजूनही राग येते. मेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात, पण मी रागवतो. माझं ऐकलं असतं तं जगला असता लेकाचा.

त्याच्या मांगं बँडही गेला. आमचे मालक ओमप्रकाशभौ, त्याइनं दुकानाच्या पाटीवरचं ब्रास बँड खोडून डीजे लिहिलं. त्याइचाही काही गुन्हा नाही, लोकाइलेच छाती हादरवणारं पाहिजे आता. मी सकाळी भावाच्या मळ्यातली मेथी अन् वांगे घेऊन बाजारात बसतो, अकरा वाजले का घरी. बायको कोरोनात गेली. पोरगी सुरतेले दिली आहे, रश्मी. ती रविवारी फोन करते, जेवले का विचारते, मी जेवलो म्हणतो. बस. मंग दुपार येते. उन्हाळ्यातली अकोल्याची दुपार ज्यानं एकट्यानं काढली त्यालेच माहीत. मी क्लॅरोनेट काढायचो, एक ओळ वाजवायचो अन् सवयीनं नी वर सोडून द्यायचो. मंग हातात वाजा धरून तसाच बसायचो. गमत नव्हतं घरात, दुसरा शब्दच नाही त्याले. मले नाव नको होतं, काही नको होतं. चार माणसाइत उभं राहून परत वाजवायले भेटावं, एवढी एकच गोष्ट मनात होती.

अशातच वर्षालीताई आल्या. पस्तीसेक वर्षांची बाई, चष्मा, खांद्याले कापडी पिशवी, तोंड उन्हानं लाल झालेलं. अमरावतीच्या. पुण्यात शिकल्या, मंग बाहेर देशात राहिल्या, अन् आता आईची तब्येत बरी नसते म्हणून परत घरी. ओमप्रकाशभौनं पत्ता दिला म्हणे. मी इचारलं का काय करता तुमी, तं म्हणे संगीत लिहिते. मी म्हटलं, गाणे लिहिता का?

"गाणी नाही काका. शब्दच नाहीत त्यात. अमरावतीची दुपार लिहिली आहे. बत्तीस मिनिटांची."

मी मनात म्हटलं, बाईले ऊन लागलं. उठून माठातलं पाणी दिलं.

त्याइनं पाणी पेलं अन् इचारलं, "एक सूर किती वेळ धरता तुम्ही?"

"नवरदेव घोड्यावरून उतरेपर्यंत," मी म्हटलं.

त्या हसल्या नाहीत. वही काढून लिहून घेतलं. मंग म्हणे, नागपुरात शिकलेले क्लॅरोनेटवाले आहेत, पण त्यांचा आवाज खोलीतला आहे, मला रस्त्यावरचा पाहिजे. साठ वर्षांच्या माणसाले असं कोणी म्हटलं तं तो काय म्हणन? मी बाकी काही इचारलंच नाही. कधी येऊ तेवढं इचारलं.

दर मंगळवारी अन् शुक्रवारी बाजार आटोपला का एसटीनं मूर्तिजापुरावरून अमरावती. ताईंचं घर कॉलनीत, आई आतल्या खोलीत झोपलेली, बाहेरच्या खोलीत आमी पाच जण. प्रणाली अन् तिची एक मैत्रीण व्हायोलिनवर. शेखर नावाचा पोट्टा चेलोवर, चेलो म्हणजे दोन पायाच्या मधात धरून वाजवायचं मोठं व्हायोलिन. ताई पेटीवर. अन् मी. सगळ्याइच्या समोर कागद, माझ्यासमोर काही नाही, कारण मले कागद वाचता येत नाही. अन् मले बसून वाजवताही येत नाही. आयुष्यभर चालत वाजवलं, बसलो का पोट दाबल्यासारखं होते. ताई म्हणे, उभे राहा. मी भिताडाले टेकून उभा राहिलो, अन् त्याइनं हात वर केला का वाजवायचं, खाली केला का सोडायचं, असं ठरलं.

पहिल्या दिवशी मले त्यातलं काहीच समजलं नाही, खरं सांगतो. शेखर त्या मोठ्या व्हायोलिनवर एकच खालचा सूर घासून राहिला, घों घों, घों घों, दहा मिनिटं. मी म्हटलं, हे काय आहे बाप्पा?

"कूलर आहे," शेखर म्हणे.

मंग मी ऐकलं. खरंच कूलर होता. गल्लीतल्या पाच-पन्नास घराइतले सगळे कूलर, एक जोरात, एक हळू, एकाचा पंखा जाळीले घासते तो. त्याच्यावर प्रणालीनं तारेवर बोट नुसतं टेकवून बारीक आवाज काढला, तो कूलरमधला पाण्याचा. मधात पेटीवर दोन सूर, लांबून, ते बडनेऱ्याची रेल्वेगाडी. सायकलवरून बर्फाचे गोळे विकणाऱ्याची घंटी होती. दूर कोणाच्या तरी लग्नातला बँड होता, चार गल्ल्या पलीकडे, हवेवर येते अन् जाते, तो मी. मले वाटलं होतं का माझ्यासाठी काहीतरी जोरदार असन. तं बाई म्हणे, काका, इतकं हळू वाजवा की ऐकणाऱ्याला शंका यायला पाहिजे. एकोणतीस वर्षं जोर लावून वाजवलं अन् आता शंका यायले पाहिजे! डोकं सटकलं माझं. पण परत घरी जाऊन दुपारी एकट्यानं बसायचं मनात आलं अन् मी हळू वाजवलं.

हळूहळू मले ते आवडायले लागलं. का ते सांगता येत नाही. त्याच्यात काही घडत नव्हतं, दुपारच होती नुसती. पण ती दुपार पाच जण मिळून काढत होतो. मधात ताई चहा करायच्या, शेखर माझं क्लॅरोनेट हातात घेऊन फुंकायचा अन् त्यातून बकरीसारखा आवाज काढायचा, पोरी हसायच्या. मीही हसायचो. एसटीत बसलो का मले मंगळवारपासून शुक्रवार किती लांब आहे असं वाटायचं.

त्या बत्तीस मिनिटाइच्या मधात एक जागा होती. तिथं सगळं थांबायचं. चेलोचा सूर खाली खाली जाऊन बंद पडायचा, अन् मंग कोणीच काही वाजवायचं नाही. ताई मनातल्या मनात चाळीस मोजायच्या. चाळीसले त्यांचा हात वर, अन् मंग पहिला सूर माझा.

"हे काय आहे?" मी इचारलं.

"लाइट जाते," ताई म्हणे. "सगळ्या गल्लीतले कूलर एकदम बंद पडतात. मी आठ-नऊ वर्षांची असेन. आई-बाबा दोघं नोकरीला. मे महिन्यात मला घरात ठेवून बाहेरून कडी लावून जायचे. कूलर चालू असला की घरात कोणीतरी आहे असं वाटायचं मला. लाइट गेली की कळायचं, कोणी नाही."

या बाईचं मले पहिल्यांदा पूर्ण समजलं होतं. पण एवढं समजल्यावरही ती जागा मले जड जायची. चेलो बंद पडला का माझे बोटं आपोआप भोकाइवर जायचे. ताई मले नजरेनं धरून ठेवायच्या. एकदा म्हणे, "काका, या जागेवरच सगळं उभं आहे. ही गेली तर उरलेली एकतीस मिनिटं फुकट." शेखरनं मले बाजूले घेऊन सांगितलं का क्लॅरोनेट ओठापासून काढून मांडीजवळ धरत जा. तसं मी केलं, तं जमायले लागलं.

पहिला कार्यक्रम अकोल्यातच ठेवला, अमरावतीचं सभागृह पुढच्या आठवड्यात भेटत होतं. त्याच्या आदल्या शुक्रवारी ताई म्हणे का हे दोन नीट झाले तर नागपूर, मग पुणे. तुम्ही येणार ना काका? मी म्हटलं, पाहू. मनात म्हटलं, अमेरिकेले म्हटलं तरी येतो.

संध्याकाळी साडेसहाचा कार्यक्रम. दीडेकशे माणूस असन. ओमप्रकाशभौ पहिल्या रांगेत इस्त्रीचा शर्ट घालून, आजूबाजूच्याइले सांगत का हा आमच्या बँडचा माणूस. मी इस्त्रीचाच कुडता घातलेला, मांगं उभा, माझ्या पुढं खाली शेखर. सुरू झालं. कूलर लागले, गाडी गेली, गोळेवाला गेला. चार गल्ल्या पलीकडे मी वाजलो, इतका हळू का मलेच शंका आली. लोक ऐकत होते, पण बसायले अवघडल्यासारखे. तालावर पाय हलवायले काही नाही, शब्द नाही, वाहवा कुठं म्हणायची ते माहीत नाही.

मंग लाइट गेली. म्हणजे शेखरचा सूर खाली उतरत गेला, उतरत गेला अन् सुटला.

आता जे झालं ते मी तुमाले खरं खरं सांगतो. रिहर्सलमध्ये पाच जण होतो, इथं दीडशे होते. दहापर्यंत सगळे चूप. मंग कोणीतरी खोकललं. मंग खुर्ची वाजली. कोणाचा मोबाइल खिशात थरथरला. मांगच्या रांगेत कुजबुज झाली, संपलं का? अन् बँडवाल्याले एक गोष्ट रक्तात असते, पब्लिक हलली का उचलायचं. तरी मी धरून ठेवलं असतं. पण शेखरनं सूर सोडला तो सा वर नाही सोडला, ताईंनी तसाच लिहिला होता, उघडा. इतके दिवस मी तो ऐकला होता, पण त्या दिवशी तो मले कुंदनच्या दमासारखा ऐकू आला. त्याचा दम संपला होता, पब्लिक हलत होती अन् माझी वेळ होती. क्लॅरोनेट मांडीजवळून ओठाले कधी आलं मले माहीत नाही.

मी वाजवलं. एक पूर्ण ओळ वाजवली, हळू नाही, रस्त्यावरच्या आवाजात. वरात वळणावर येते तेव्हा आमी वाजवायचो ती. अन् दम संपत आला तसा ती नी वर उघडी सोडली अन् श्वास घेतला अन् थांबलो.

कोणी उचललं नाही.

मी वाट पाहिली. दोन वर्षं झाले जाऊन, मीच खांदा दिला, तरी मी डाव्या बाजूले कान देऊन कुंदनची वाट पाहिली. डाव्या बाजूले पडदा होता नुसता. मंग मले समजलं का मी कुठं उभा आहो अन् काय करून बसलो. ताईंकडे पाहायची हिंमत झाली नाही. सभागृहात आता कोणी खोकलत नव्हतं. ती शांतता किती वेळ चालली मले माहीत नाही, पण चाळीसाच्या वर गेली होती, लय वर गेली होती. कधीतरी ताईंचा हात वर झाला अन् आमी उरलेलं वाजवलं.

टाळ्या झाल्या. मी मांगून निघालो, क्लॅरोनेटचे तुकडे उघडून पेटीत टाकू लागलो. मनात म्हटलं, शालिकराम, झालं तुझं, आता दुपार अन् तू. एका बाईनं विश्वासानं एक जागा राखायले सांगितली होती, तीही तुले राखता आली नाही. मले रडू येत होतं, पण रडलो नाही.

ताई आल्या. त्याइच्या डोळ्यात पाणी होतं. मी म्हटलं, "ताई, गलती झाली. काही बोलू नका. मी जातो."

"ती ओळ कोणती होती?"

"वरातीची. तिथं माझा जोडीदार उचलायचा. कुंदन." मंग मी त्याइले सगळं सांगितलं, उघडी ओळ, श्वास, परतवाड्याच्या पुड्या.

त्या खुर्चीवर बसल्या. मंग म्हणे, "काका, दोन वर्षं मी त्या जागेवर अडकले होते. चाळीस मोजते, वाजवणारे थांबतात, आणि काहीच होत नाही. आज अख्खं सभागृह वाट पाहत होतं. मी मोजायचंच विसरले. मीही ऐकत होते, कोणीतरी उचलेल म्हणून." मंग त्याइनं माझ्याकडे पाहिलं. "हे प्रत्येक वेळी कराल?"

"गलती प्रत्येक वेळी कशी करन माणूस?"

"मी लिहून घेते. तीच ओळ, नी वर सोडायची आणि थांबायचं. अमरावतीत, नागपुरात, पुण्यात."

मले तेव्हाच काहीतरी टोचलं होतं. कुंदनची जागा, ती अशी कागदावर. पण खोटं काहून बोलू, मी लगेच हो म्हटलं. हाकलतात असं वाटत होतं अन् त्या पुण्याचं बोलून राहिल्या होत्या. शेखरनं येऊन मले मिठी मारली. म्हणे, काका, तुम्ही तर मारून टाकलं आज. ओमप्रकाशभौ म्हणे, चाल, चहा पाजतो. आमी सहा जण टपरीवर उभे राहून चहा पेलो. इतकी माणसं माझ्या आजूबाजूले दोन वर्षांत नव्हती.

पुढच्या आठवड्यात अमरावती. सभागृह भरलेलं, वर्तमानपत्रात आलं होतं. ताईंनी माझ्यासाठी एक कागद करून स्टँडवर लावला होता. मले वाचता येत नाही त्याइले माहीत होतं, तरी लावला, सगळ्याइच्या समोर आहे तं काकांच्याही समोर पाहिजे म्हणून. त्याच्यावर त्या जागी लाल पेन्सिलीनं गोल केला होता.

कूलर लागले. गाडी गेली. शेखरचा सूर उतरला अन् सुटला. मी दहापर्यंत थांबलो, क्लॅरोनेट उचललं अन् ओळ वाजवली. अकोल्यापेक्षा चांगली वाजवली, त्या दिवशी घाईत एक सूर घसरला होता, तो इथं नीट लागला. नी वर सोडली. थांबलो.

लोक एकदम चूप झाले, जसे अकोल्यात झाले होते. ताईंनी डोळे मिटलेले. पुढच्या रांगेतली एक म्हातारी बाई पदर तोंडाले लावून बसली होती. काम बरोबर झालं होतं. अन् मी तिथं उभा राहून लाल गोलाकडे पाहत होतो, मनात आकडे चालले होते, बावीस, तेवीस, अन् मले दिसलं का मी डाव्या बाजूले कान दिलेलाच नाही. कोणी येणार नाही हे मले माहीत होतं. कागदावर तसंच लिहिलेलं होतं.

टाळ्या लय वेळ चालल्या. एका माणसानं येऊन माझे पाय धरले. ताईंनी आईले घरून आणलं होतं, त्या बुढीनं माझा हात धरून म्हटलं, किती छान थांबता हो तुम्ही. मी हो म्हटलं.

आता दुपारी मी घरी क्लॅरोनेट काढतो अन् ओळ वाजवतो, तं ती आपोआप सा वर उतरते. घरी जाते. मी मुद्दाम उघडी सोडून पाहतो, पण ते सोडणं राहत नाही, नुसतं थांबणं होते. दोन वर्षांमांगं फागुणात आमी कुंदनले स्मशानात नेलं तेव्हा मी रडलो नव्हतो. अमरावतीहून परत येतांना, एसटीत, मूर्तिजापूरच्या स्टँडवर गाडी उभी असतांना रडलो. बाजूच्या माणसानं इचारलं, काय झालं भाऊ? मी म्हटलं, माझा जोडीदार वारला. कधी, म्हणे. मी म्हटलं, आज.

शनिवारी नागपूर आहे. शेखर म्हणते का गाडीत त्याच्या बाजूची जागा माझी.